नारळाभोवती तरंगलेला मैला

त्या माणसाचा हात माझ्यामुळे मोडला. पहिला फटका माझा होता, आणि ज्या गुन्ह्यासाठी तो मारला, तो करायला मीच त्याला सांगितलं होतं.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. रेवसच्या बाजूला एका गजबजलेल्या बंदरावर मी आरोग्य निरीक्षक होतो. गावच्या संडासांचा मैला धक्क्यावरून थेट पाण्यात जाई. ते बंद करून मैला गावाबाहेर खड्ड्यात टाकावा, असा सरकारी हुकूम आला. खड्ड्याची जागा मी निवडली, ती सखल निघाली. श्रावणात खड्डा भरून वाहू लागला. वर कळवलं असतं तर माझी चूक उघडी पडली असती. म्हणून डबे वाहणाऱ्या सफाई कामगाराला सांगितलं, पहाटेच्या ओहोटीला खाडीत ओत, समुद्र घेऊन जाईल.

नारळी पौर्णिमेची भरती मोठी. दुपारी कोळ्यांनी वाजतगाजत सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला आणि पहाटेचा मैला त्याच्याभोवती तरंगत आला. वाजंत्री थांबली. मी नाकाला रुमाल लावून धक्क्यावर उभा होतो. चारपाच जणांनी कामगाराला झोपडीतून फरफटत आणलं. मागून त्याची बायको धावत आली.

कोळ्यांच्या होडीचा म्हातारा तांडेल माझ्याकडे वळला. "साहेब, हुकूम तुमचाच ना? मग आमच्या नारळाला हे काय लागलंय?"

"साहेब, तुमीच सांगा न्हवं यांना," कामगार म्हणाला.

मी हातातली छडी त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. माझं बघून वल्ही उठली. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बायको त्याच्यावर आडवी पडली, तर लाथा तिलाही बसल्या. चिखल लाल होईपर्यंत कुणी थांबलं नाही, आणि मी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी हुकूम मोडला म्हणून त्याला कामावरून काढलं. तेही मीच.

नंतर माझी बदली झाली, बढतीही मिळाली. बऱ्याच वर्षांनी मी त्या धक्क्यावर उतरलो. तो कामगार एका हाताने मासळीच्या टोपल्या ओढत होता. दुसरा हात कोपरात वाकडाच राहिला होता. तांडेल जाळं सांधत बसला होता.

"या साहेब. आज नाकाला रुमाल न्हाय लावलात?"

मी कामगाराला तिथे बोलावलं आणि तांडेलाच्या देखत म्हणालो, "ओहोटीला ओता, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही माझं नाव घ्याल या भीतीनं पहिला फटका मी मारला. मी तुमची आणि तुमच्या बायकोची माफी मागतो."