आयांचे निरोप आणि सिंदीचा जावई

नोकरीत चोर, दारूवाले, मारामारीवाले पुष्कळ पाहिले. बहुतेक विसरले. ही केस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यापुढे आहे, आणि हिच्यात ना चोरी होती ना मारामारी. वर्ध्यात चौकाचौकात सायबर कॅफे निघाले होते, त्या दिवसांतली गोष्ट. मी तेव्हा हवालदार होते. शिक्षण सातवी. इंटरनेटचं मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

एका सकाळी सिंदी रेल्वे या गावचे एक कापूस व्यापारी ठाण्यात आले. राहायला वर्ध्यात, पण सगळे त्यांना सिंदीचेच म्हणत. सोबत मोठे जावई. त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलीचा फोटो कोणीतरी एका वेबसाइटवर टाकला होता. खाली घाणेरडा मजकूर आणि घरचा फोन नंबर. घरी फोन वाजायचा थांबत नव्हता.

बोलत होते ते जावईच. "साहेब, ही साइट सावंगीची एक पोट्टी चालवते. पोरीईचे फोटो टाकून गर्दी जमवून राह्यली. तिले आत टाका अन् साइट बंद करा."

ठाणेदारांनी फिर्याद घेतली आणि त्या मुलीला आणायला मला पाठवलं.

मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची. सावंगीत खोली करून राहायची, एका कचेरीत टायपिंग करायची. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, हे तिला ठाऊक होतं. रडली नाही. बाईमाणसाला अंधार पडल्यावर ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून मी लगेच विचारायला घेतलं.

"काऊन वं, लोकाईच्या पोरीईची इज्जत विकून गर्दी जमवते?"

"बाई, फोटो मी नाई टाकला. सकाळी दिसला तशी काढला."

"मंग एवढे लोक तुह्या साइटवर कायले येतात?"

"मायचा निरोप वाचाले."

मला समजेना. तिने सांगितलं. सुटीच्या दिवशी ती एसटीने एखाद्या गावात जायची. ज्यांची मुलं पुण्याला, मुंबईला, अमेरिकेला गेली त्यांच्या दारात बसायची. आई बोलेल ते तसंच्या तसं लिहायची, आईचा फोटो काढायची आणि साइटवर टाकायची.

"काय बोलतात त्या?"

"गाय व्याली. मास्तर वारले. तिकडं अमेरिकेत आंघोळ करतं का नाई? लग्नाचं काय ते सांग, मुक्यावानी काऊन बसला?"

बाजूला बसलेला ठाणे अंमलदार हसला. मीही हसले.

"एका पोराले मायचा निरोप दिसला का तो गावच्या चौघाईले सांगते," ती म्हणाली. "ते चौघं आपल्या मायले म्हणतात, तू बी बोल. मले जाहिरात करा लागली नाई."

मग मी मुद्द्यावर आले. फोटो टाकणारा साइटवर घुसला कसा? ती म्हणाली, नव्या माणसाला ती गाव विचारायची, कोणाच्या घरचा ते विचारायची आणि गावातलं कोण ओळखतं तेही. मग त्या घरी फोन करून खात्री झाली तरच त्याला साइटवर लिहू द्यायची. गावात परका आला तर पारावरचा म्हातारा जे विचारतो तेच. फोटो ज्या खात्यावरून आला, तो माणूस स्वतःला तळेगावच्या एका मुलाचा दोस्त म्हणवत होता. त्या मुलाच्या आईला, तिथल्या काकूंना, तिने फोन केला होता. काकू म्हणाल्या, ओळखते, घरी येऊन गेला.

अंधार पडायच्या आत तिला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मी तळेगाव श्यामजी पंत गाठलं. काकू एकट्याच राहत होत्या. मुलगा अमेरिकेत.

"काकू, तुमच्या घरी कोण आलतं?"

"पोराचा दोस्त आलता नं. पोराचं सारं माईत होतं त्याले." माहीत असणारच, सगळं साइटवर होतं. "चहा पेला, पोहे खाल्ले. माणूस चांगला वाटला."

त्याने सांगितलेलं नाव खोटं निघालं. मुलाला फोन लावून विचारलं, तर त्या नावाचा मित्र त्याला नव्हताच.

"आणखी काय बोलला?"

"मी विचारलं, जावई कोणाचा व्हय? सिंदीच्या कापूसवाल्याचा मोठा, म्हणे. माही नणंद सिंदीले देली हाये, म्हणून ध्यानात राह्यलं."

खोटं बोलणारा नाव आणि गाव ठरवून येतो. सासुरवाडी ठरवून येत नाही. त्यातून सासरा पैसेवाला असेल तर आपल्याकडच्या जावयाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी ठाण्यात येऊन ठाणेदारांना सांगितलं. त्यांनी पंचांसमक्ष जावयाच्या क्लासातला कॉम्प्युटर जप्त केला. जाणकाराकडून तपासला, तर फोटोही होता आणि खोट्या नावाचं खातंही. मग तो कबूल झाला.

"माही पण अशीच गावाकडच्या लोकाईची साइट हाये," तो म्हणाला. "जिकडंतिकडं तिचा पत्ता टाकला, जाहिराती देल्या. लोक येत अन् निंघून जात. हिची बंद पडली असती तं माह्याकडं आले असते."

"अन् फोटो साळीचाच सापडला?" मी विचारलं.

"हाताशी तोच होता."

सासरे धावत आले. "साहेब, घरातलं हाये. मिटवून टाका. मोठीचा संसार हाये." ठाणेदार विचारात पडले. धाकटी मुलगी बापामागे उभी होती. ती पुढे आली.

"सावंगीच्या पोरीले आत टाका, भाऊजी म्हणत होते, तवा मिटवाचं नाई सुचलं, बाबा? बाई, माहा जबाब लिहून घ्या."

मी लिहून घेतला. तिने खाली सही केली. पुढे खटला चालला आणि जावयाला शिक्षा झाली.

जावई कबूल झाला त्याच दिवशी निरोपवाल्या मुलीला बोलावून मोकळं केलं, तेव्हा ठाणेदार म्हणाले, "आता तरी हे लचांड बंद कर." मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.

"आता घरी जाऊन झोप," मी म्हटलं.

"नाई, बाई. तळेगावची गाडी पकडतो."

"कायले?"

"काकूनं वळख देली, तो असा निंघाला. आता काकू कोणालेच दारात उभं नाई करणार. त्याईले सांगा लागन, तुमची चूक नाई म्हणून. मंगच साइट चालन."

आरोपी सापडला की माझ्यासाठी केस संपायची. सगळी नोकरी मी तशीच केली. नुकसान कुठे झालं आणि ते कोणी भरून काढायचं, हे त्या मुलीला माझ्याआधी दिसलं होतं. जावयाला कॉम्प्युटर तिच्याहून जास्त येत होता. पण काकूंकडे तो एकदाच गेला, आणि तेही खोटं बोलायला. ती दुसऱ्यांदा गेली. पुढच्या आठवड्यात काकूंचा नवा निरोप साइटवर आला. अंमलदाराने मला वाचून दाखवला. काकूंनी मुलाला झापलं होतं, तुझे दोस्त कोण कोण ते एकदा नीट सांग.