पाइपाला तोंड लावलं म्हणून

फावड्याचा दांडा आईच्या हातावर बसला तेव्हा तिच्या तोंडात पाणी होतं. पाणी आणि किंकाळी एकदमच बाहेर आली.

गुन्हा एवढाच, की ती विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला तोंड लावून प्यायली. बदनापूरकडच्या त्या मळ्यात आम्ही बौद्धवाड्यातल्या बाया कपाशीच्या क्रॉसिंगला, संकरित बियाणं धरायच्या कामाला, जायचो. संध्याकाळी कळ्या सोलायच्या, सकाळी त्यांवर नराचं फूल घासायचं. आमची बोटं मालकाच्या फुलांना चालायची. पाणी मात्र पाटातलं प्यायचं, बैलं पितात ते. त्या संध्याकाळी आईला ताप होता. गाळ तिच्या घशाखाली उतरेना.

मालकाने पुन्हा दांडा उगारला. मी मधे गेले. त्याने केसांना धरून माझं तोंड पाटात दाबलं.

"पी इथलं. अन् तुह्या मायलाबी शिकव."

मग आपल्याच जीपमधून त्याने आम्हाला डॉक्टरकडे नेलं. "बांधावरून पडली," विचारायच्या आधीच सांगून टाकलं. डॉक्टरने आईकडे पाहिलं. तिचा हात कोपराखाली लोंबत होता.

"व्हय. पडले," आई म्हणाली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. वाड्यात येऊन बायांना विचारलं, साक्ष द्याल का. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "आम्ही पाठमोऱ्या व्हतो गं," म्हणाल्या.

सकाळी मालकाचा गडी दारात. "चला जल्दी. सोललेल्या कळ्या आत्ता घासल्या न्हाई तर वाया जातील."

प्लास्टरातला हात सावरत आई उठली. "मी जाते. तू कुठं तोंड उघडू नको, बाई. पाया पडते तुह्या."

"न्हाई. तू पडली न्हाई. त्यानं मारलं तुला."

आईने चांगल्या हाताने माझ्या थोबाडीत दिली. मी तेच म्हणाले. तिने पुन्हा मारलं. ओठ फुटला, रक्त आलं. तरी मी तेच म्हणाले. तेव्हा ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. मी मळ्याकडे न वळता सरळ ठाण्यावर गेले.

कोर्टातही आई पडलेच म्हणाली. केस गेली. आता आईही गेली.

मालक अजून आहे. बाजारात भेटला की चार माणसांत हसून विचारतो, "तुही माय कशी पडली व्हती गं?"

"तुम्ही मारलं. पाइपाचं पाणी पिली म्हणून."

तो जगेल तोवर त्याच्या तोंडावर हे सांगणार. तो मेला, तर त्याच्या पोरांना सांगणार.