आईच्या हातावरची चिंबोरी

मी पत्रकांवर वाढले. बाबा केमिकल कंपनीत कामाला होते, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढणं. युनियनची, पाणीप्रश्नाची, सगळ्यात जास्त अंधश्रद्धेविरुद्धची. वाटून उरलेली पत्रकं घरात असायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, त्यांचीच माझ्या पुस्तकांना कव्हरं, कपाटाच्या फळ्यांवर तीच अंथरलेली. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं सबंध वाक्य होतं, ‘ग्रहणात अन्न नासत नाही.’

आमच्या घरात एक नियम आहे. पत्रक छापलं की त्याचं प्रात्यक्षिक करायचं, तेही चारचौघांत. मी आईच्या पोटात होते तेव्हा ग्रहण लागलं आणि आई ओट्यावर, सगळ्या आळीसमोर, विळीवर भोपळा चिरत बसली. बाबा शेजारी भज्यांची ताटली घेऊन उभे. मी जन्मले ती ओठ, कान, बोटं सगळं जिथल्या तिथे घेऊन. बाबांनी मला पुढे बराच काळ पुरावा म्हणून कडेवर फिरवलं.

अशा घरात गेल्या वर्षी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. निरोपसमारंभाची शाल घडी करून ठेवताना ती म्हणाली, “मला हातावर चिंबोरी काढून घ्यायचीय.”

बाबांनी पेपर खाली केला. “मेंदीची?”

“टॅटू. कायमची.”

आईचं माहेर तळा गावाच्या बाजूला, खाडीकाठी. लहानपणी ओहोटीला खारफुटीतल्या बिळात वाकवलेली सळई घालून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, काढण्यात तिचा हात कुणी धरायचा नाही. आमच्या घरी पाहुणे आले की हे ऐकावंच लागतं. पण त्याच वयातली दुसरी गोष्ट तिनं आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. गावात गोंदणाऱ्या बाया यायच्या. कुणब्यांच्या आळीतल्या तिच्या मैत्रिणी हातावर ठिपके, फुलं काढून घेऊन मिरवायच्या. आईसुद्धा हात पुढे करून बसली होती. तेवढ्यात आजोबा आले. छप्पन्नच्या धर्मांतराला बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचं मन ताजं, तापलेलं. “जुन्या खुणा पुसायला आपण बाहेर पडलो, आणि तू नव्या काढतेस?” असं म्हणून त्यांनी तिला उठवलं.

“आजोबांचं बरोबरच होतं,” बाबा म्हणाले.

“असेल,” आई म्हणाली. “पण मला तुमची परवानगी नकोय. तुम्ही शेजारी बसायला हवेत. तुमच्या सगळ्या प्रात्यक्षिकांना मी बसले.”

बाबा उठून नळाला पाणी आलंय का बघायला गेले. पाणी यायला अजून बराच वेळ होता.

आईला शेजारी बाबा हवे होते आणि बाबा तत्त्वावर अडून बसले होते. अशा वेळी मी काय करणार? मी पत्रक लिहायला घेतलं. ‘टॅटूविषयीचे गैरसमज.’

माल गोळा करायला लांब जावं लागलं नाही. आई टॅटू काढणार ही बातमी आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत पोचली होती. शेजारची काकी कुंपणावरून म्हणाली, “अगो बाय, ती शाई डोक्यात चढते. माणूस येडा व्हतो.”

“काकी, तुझ्या हातावर तर दोन्ही बाजूंना गोंदलंय.”

“मंग? मी शानी हाय असं कोन बोललं तुला?”

वडापावच्या गाडीवरचा दादा म्हणाला, टॅटूवाल्याला पोलिसात घेत नाहीत. मी म्हटलं, भरतीत टॅटूबद्दल नियम असतात, ज्याला जायचंय त्यानं आधी ते वाचावेत. पण आई या वयात कुठे धावायला जाणार आहे? त्यावर तो म्हणाला, “मग पेन्शन बंद करतील.” त्याला काहीतरी बंद करायचंच होतं. एका मावशींना खात्री होती की सुई थेट नसेत जाते. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: टॅटू काढलाच, तर लगेच समुद्रात हात बुडवायचा, खाऱ्या पाण्यानं जखम सुकते. किनाऱ्यावरच्या माणसाचा मिठावर जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरवर नाही.

माझ्या वयाचे लोकही मागे नव्हते. एक मैत्रीण म्हणाली, “काकूंना सांग, नाही आवडला तर लेझरनं रबरासारखा पुसता येतो.” येत नाही. अनेक खेपा घालाव्या लागतात, दुखतं, आणि तरी कधी कधी खूण राहते. गैरसमजाला वय नसतं, याचा मला फार राग येतो. जुन्या पिढीला निदान मोबाईल नव्हता!

पहिला मसुदा मी जेवणाच्या टेबलावर मुद्दाम ठेवला. बाबा विरोधक होते, पण बिनतपासलेला मजकूर समोर पडलेला त्यांना बघवत नाही. सकाळी त्यावर लाल पेनाच्या खुणा होत्या. ‘टॅटू पूर्णपणे सुरक्षित आहे’ यातला ‘पूर्णपणे’ खोडून समासात लिहिलं होतं: पुरावा? मी लिहिलं, सुई नवी असेल, तुमच्यासमोर पाकिटातून काढली असेल आणि जागा स्वच्छ असेल, तर धोका कमी. बाबांनी त्यावर बरोबरची खूण केली.

दुसऱ्या मसुद्यावर लिहून आलं: मधुमेह असलेल्यांचं काय? आईला साखर आहे. मला वाटलं, आता झालं, बाबा जिंकले. पण आई स्वतःच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, साखर ताब्यात आहे, हरकत नाही, फक्त नंतर जखमेची काळजी घ्या. परत येऊन तिनं ते वाक्य मला पत्रकात घालायला लावलं.

रक्तदानाचा मुद्दा बाबांचा जिव्हाळ्याचा, कारण जयंतीचं शिबिर तेच भरवतात. मी लिहिलं होतं, ‘टॅटूचा रक्तदानाशी संबंध नाही.’ बाबांनी रेघच मारली. “संबंध आहे. काही महिने थांबावं लागतं. कायमची बंदी, हा गैरसमज आहे. अर्धा गैरसमज खोडताना दुसरा अर्धा पेरू नकोस, पोरी.”

पत्रक हळूहळू चोख झालं, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्यानंच ते उभं केलं होतं. शेवटी मी एक मुद्दा घातला, ‘गोंदण म्हणजे गुलामीची खूण, हा गैरसमज.’ त्यावर लाल पेन चाललं नाही. बाबा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले.

“हा गैरसमज नाही. हा इतिहास आहे.”

आई भाकरी थापत होती. “कोणाच्या अंगावर काय काढायचं ते दुसरे ठरवायचे, तो इतिहास. मान्य. मग माझ्या हातावर काय काढायचं नाही, तेही दुसऱ्यांनीच ठरवलं. माझ्या बापानं. मग तुम्ही. हाताला कोणी विचारलं?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “देव काढत नाहीये, जात काढत नाहीये, तुमचं नावसुद्धा काढत नाहीये. चिंबोरी काढतेय. तिच्यात कसली गुलामी? तिला बिळातून काढायला गेलं की ती बोट फोडते.”

बाबांनी हातातला कागद परत वाचला. भाकरी फुगली. मग त्यांनी विचारलं, “म्हातारपणी कातडी सैल पडली तर?”

“तर चिंबोरी जरा जाड होईल. मीही होईन.”

बाबांनी तो शेवटचा मुद्दा खोडला आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, ‘खूण कोणाची, हे ती काढून घेणाऱ्यानं ठरवावं.’ मला ते माझ्या वाक्यापेक्षा बरं वाटलं. मला तसं कबूल करायला आवडत नाही.

मग ते म्हणाले, “छापून आण. आणि छापलं की प्रात्यक्षिक करावं लागतं. कितीची एसटी आहे?”

किहीमला नारळीच्या वाडीत पर्यटकांसाठी एक मुलगी टॅटू काढते. आम्ही तिघं गेलो तेव्हा तिनं आपोआपच माझ्याकडे बघून विचारलं, “कुठे काढायचाय?” आईनं बाही वर केली. मुलीनं मोबाईलवर खेकड्याची चित्रं दाखवली. गोल डोळ्यांची, हसरी. आईचा चेहरा पहिलीच्या पोरानं उलटा ‘अ’ काढल्यासारखा झाला. तिनं पेन मागितलं आणि तीस वर्षं फळ्यावर चित्रं काढलेल्या हातानं स्वतःच्या डाव्या हातावर चिंबोरी काढली. रुंद पाठ, एक नांगी मोठी, एक लहान, उगारलेल्या दोन्ही.

मुलीनं पाकीट फोडून सुई काढली. बाबांनी ते वाकून बघितलं. यंत्र सुरू झाल्यावर मात्र ते आईच्या उजव्या बाजूला बसले, तिचा दुसरा हात धरला आणि छताकडे बघू लागले. प्रात्यक्षिक म्हणून अमावास्येला स्मशानात जेवलेला हा माणूस.

“दुखतंय?” त्यांनी विचारलं.

“दुखतंय. पण तुम्ही हात जास्त दाबताय.”

संपल्यावर आई हात लांब धरून बघत राहिली. खाडीच्या चिखलातून नुकतीच वर आल्यासारखी चिंबोरी होती. बाबांनी आता धीर करून चष्मा लावला, वाकले आणि तपासायला लागले. सवयच ती.

“एक पाय कमी आहे.”

मुलगी घाबरली. आई हसली. “तिला नव्हताच. लहानपणी पहिली मोठी चिंबोरी काढली ना, तिचा पाय तुटलेला होता. तिला खाऊ दिली नाही मी कोणाला. परत सोडली.”

“पण चिंबोरीचा पाय पुन्हा उगवतो,” बाबा म्हणाले. “कात टाकली की नवा येतो. हे अपूर्ण चित्र झालं.”

“येतो ना? मग पुढच्या वर्षी तो काढायला यायचं.”

बाबांनी एकदा सुईकडे बघितलं, एकदा आईकडे.

“येऊ,” ते म्हणाले. “पण हात मी हळू धरीन.”