माझे पप्पा वूमनली आहेत

गेल्या गुरुवारी शाळेच्या गेटपाशी सरपंचांची पांढरी जीप थांबली. ते माझ्याकडेच आले होते...

मी गेवराईकडच्या एका गावात नववीला इंग्रजी शिकवते. आधीच्या आठवड्यात बाईपणाचे आणि पुरुषपणाचे शब्द घेतले होते. मॅनली, वूमनली हे कौतुकाचे. मॅनिश आणि इफेमिनेट हे टोमणे, एक बाईला पुरुषी म्हणणारा, दुसरा पुरुषाला बायकी म्हणणारा.

मला शब्दांची मुळं सांगायची भारी हौस. व्हर्च्यू म्हणजे सद्गुण, आणि तो आलाय लॅटिनमधल्या पुरुषावरून! चांगुलपणाचा सातबाराच पुरुषाच्या नावावर, असं म्हटल्यावर पोरी खूप हसल्या. मग गृहपाठ दिला... घरातलं एक माणूस निवडा, त्याला एक शब्द लावा, कारण लिहा.

सरपंचांच्या आर्यानं लिहिलं, ‘माझे पप्पा वूमनली आहेत. आई वारल्यापासून तेच माझ्या वेण्या घालतात. मोबाईलवर बघून शिकले. आधी वाकड्या यायच्या, आता नीट येतात.’ वाचून माझे डोळे भरून आले. मी ते पान लगेच वर्गाच्या भिंतीवर लावलं. हौस, दुसरं काय!

दोन दिवसांत गावभर झालं. पारावर कुणीतरी विचारलं म्हणे, “काय सरपंच, आज कुनाची वेनी?” हे मला आमच्या शिपाईमामांनी सांगितलं. वर म्हणाले, “मॅडम, लई तापलेत ते. उद्या येनारेत.”

खरं सांगते, मी घाबरले. गावात खोली करून एकटी राहते, नोकरी अजून कायम नाही, आणि संस्थेत त्यांचा शब्द चालतो. आमच्या बौद्धवाड्यातली शिक्षिका झालेली मी पहिलीच. माझ्या गावी, युसूफ वडगावला, आईला फोन केला तर ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. “मोठ्या लोकायच्या वाटंला कावून गेलीस गं? माफी माग अन् मोकळी हो.”

म्हणून माफीची चार वाक्यं पाठ करून स्टाफरूममध्ये बसले होते. सरपंच आले... सहा फूट उंच, जाड मिशा. सोबतच्या दोघांना त्यांनी बाहेरच थांबवलं आणि दार लोटून घेतलं. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

ते बसले नाहीत. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “मॅडम, तेवढं भिंतीवरचं काढता का? पोरीनं खरंच लिवलंय. पर मला ह्या गावात फिरावं लागतंय... लोक हसतेत.”

बोलताना ते मनगटावरचं काहीतरी सारखं ओढत होते. घड्याळाशेजारी केसांचं एक काळं रबर होतं.

मी पळत जाऊन पान काढून आणलं. लावण्याआधी ना पोरीला विचारलं होतं, ना बापाला... चूक माझी होती आणि तसं मी बोलले. त्यांनी पानाची नीट घडी घालून खिशात ठेवली. दाराशी जाऊन परत वळले.

“आर्या म्हनती हा शब्द चांगला हाय. हाय ना?”

“चांगलाच आहे,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग दार उघडलं, मिशीवरून हात फिरवला आणि बाहेरच्या दोघांवर मोठ्यानं ओरडले, “चला रे, किती वेळ!”

मी लहानपणापासून अशा जीपगाड्यांना भीत आलेय. आतला माणूस एवढ्याशा शब्दाला भीत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं... थँक्यू, आर्या.

हे इथे लिहिण्याआधी मात्र दोघांना विचारलंय. आर्या लगेच हो म्हणाली, स्वतःचं नाव तेवढं बदलायला लावलं. सरपंचांनी दोन दिवस घेतले. काल त्यांचा फोन आला... “लिवा मॅडम. फकत गावाचं नाव टाकू नका.”