नकाशाच्या पाठीवरची ओळ

बायकोलाही हे माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण सापडलं की मी लगेच त्याच्याआड लपतो.

माझं नाव झालं ते एका इंग्रज वास्तुरचनाकारामुळे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तरुणपणी मुंबई इलाख्यात आलेला, कचेऱ्या-इस्पितळं बांधून म्हातारपणी मायदेशी परतलेला साहेब. त्याचे कागद इथे शिकागोजवळच्या एका विद्यापीठात खोक्यांत पडून होते. त्याच्या एका इस्पितळातला वारा खेळवणारा जिना — त्यावरच माझा अख्खा प्रबंध उभा. साहेबाची प्रतिभा, साहेबाची दृष्टी!

प्रबंध संपत आला तेव्हा मी जिन्याचा मूळ नकाशा उलटून पाहिला. मागे पेन्सिलीनं मोडीत एक ओळ. विभागात मोडी वाचता येणारा मी एकटा. पुण्यात हौसेनं शिकलो होतो. ‘जिना माझे कल्पनेचा, साहेबांनी पसंत करून सही केली. — गोविंद लक्ष्मण, ड्राफ्ट्समन.’

काय लिहिलंय, असं माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकाबाईंनी विचारलं. मी म्हणालो, विटांची मापं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही ना थांबलो.

पुस्तक छापून आलं, नोकरी पक्की झाली. शिकागोच्या शॉमबर्ग उपनगरात आंबेडकर जयंतीला मला भाषणाला बोलावलं. नंतर सत्तरीच्या शोभाकाकू नातवाला घेऊन भेटायला आल्या.

“सर, माझे आजोबा त्या साहेबाकडे ड्राफ्ट्समन होते. गोविंद लक्ष्मण. जिना त्यांनीच काढला, असं वडील सांगायचे. कागदांत कुठे नाव सापडलं का हो?”

खरं बोलून माझं काय जाणार होतं? थोडी लाज. तीही मला सोसवेना. आणि — इथे हात अडतो — या लोकांचं कोण ऐकणार, पुरावा कुठून आणणार, हेही मनात आलं. त्यानंच धीर झाला.

“नाही काकू. सगळे कागद बघितलेत मी.”

“सी, आजी? इट वॉज जस्ट अ स्टोरी,” नातू म्हणाला.

“सर म्हणतात तर नसेल,” काकू म्हणाल्या.

सर म्हणतात तर!

या हिवाळ्यात काकू गेल्या. शोकसभेला मी गेलो — कोणत्या तोंडानं, ते विचारू नका. काकूंनी सांगून ठेवलेली घराण्याची माहिती नातवानं इंग्रजीतून वाचली. गोविंद लक्ष्मण, साहेबाच्या कचेरीत प्यून.

चूक सुधारायला मी खुर्चीतून उठलो नाही.