वैती सरांनी ईअरपीस काढला

वैती सरांनी कानातला ईअरपीस काढून टेबलावर ठेवला, तेव्हा आम्ही लाइव्ह होतो. रविवारची दुपार, अंधेरीतला आमचा स्टुडिओ, सेटवर तीसेक फुटबॉल फॅन्स आणि मध्ये एकटे वैती सर. वर काचेमागे मी बटण दाबून बोलत होते, "सर, परत लावा. सर, ऐकताय ना?" ऐकणार कुठून? मी बोलत होते ते त्या टेबलावर पडलेल्या ईअरपीसमध्ये.

"सुजाता, राहू दे गं. मस्त चाललंय," मागून समीर म्हणाला. समीर आमचा चॅनेल हेड. वयाने माझ्याहून लहान, पण बॉस.

मस्त कसलं? मी बटण सोडायला तयार नव्हते. का, ते सांगायला एक आठवडा मागे जावं लागेल.

आधी माझं काम सांगते. मॅचच्या आधी आणि हाफ टाइमला टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी बसून बोलतात ना, त्यांच्या कानात बोलणारी बाई म्हणजे मी. आमच्या भाषेत पॅनल प्रोड्यूसर. 'तीस सेकंद राहिलेत', 'आता रिप्ले येतोय', 'कॅमेरा दोनकडे बघा', असं सगळं मी कंट्रोल रूममधून सांगते. तज्ज्ञ एखादं नाव विसरला, तर तेही सांगते. समोर बसलेला माणूस शांतपणे बोलत असतो, तेव्हा त्याच्या कानात एक बाई सतत किटकिट करत असते. घरच्यांना हे कळलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "म्हणजे घरी करतेस तेच." त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

हरेश्वर वैती आमचे मराठीचे तज्ज्ञ. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातले. एका बँकेच्या टीमकडून बरीच वर्षं डावा बॅक म्हणून खेळले, म्हणजे बचावात डावी बाजू सांभाळायची. इंडिया कॅम्पपर्यंत पोचले, इंडियाची जर्सी मात्र मिळाली नाही. फॅन्सना तेच खुपायचं. 'जो स्वतः देशाकडून खेळला नाही, तो आम्हाला काय शिकवणार?' अशा कमेंट्स प्रत्येक शोखाली असायच्या. दुसरी पार्टी म्हणायची, 'अरे, मोठी नावं नुसती हसतात आणि निघून जातात. हा माणूस खेळ समजावतो.' ही मारामारी आम्हाला नवी नव्हती. सर कमेंट्स वाचायचेच नाहीत.

मग तो रविवार आला. संध्याकाळची मॅच. टीमची लिस्ट तासभर आधी येते, आपण तिची प्रिंट काढतो. त्या दिवशी वॉर्म-अपमध्ये प्रणव नावाच्या पोराचा स्नायू दुखावला. हा डावा बॅक, वीस-एकवीस वर्षांचा. तो बेंचवर गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. नवी लिस्ट आली, तिचीही प्रिंट निघाली. अशा वेळी जुनी लिस्ट त्याच क्षणी फाडून टाकायची, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. त्या दिवशी माझ्या टेबलावर दोन्ही लिस्ट होत्या.

हाफ टाइमला सर एक गोल समजावत होते. डावा बॅक पुढे धावत गेला, मागची जागा रिकामी राहिली आणि समोरच्यांनी तिथूनच गोल केला. लांबच्या कॅमेऱ्यातला रिप्ले, पाठीवरचा नंबर दिसेना. सरांनी दोन बोटांनी कानाला हात लावला. ही आमची खूण, नाव सांग. मी लिस्ट बघितली आणि म्हणाले, "प्रणव."

सर क्षणभर थांबले. पण लाइव्हमध्ये माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो, ठेवावाच लागतो. ते म्हणाले, "प्रणवला इथे उभं कसं राहायचं तेच कळलेलं नाही. या लेव्हलला हे चालत नाही."

आणि प्रणव बिचारा मांडीला बर्फ बांधून बेंचवर बसलेला! दुसरा हाफ सुरू होताच कॅमेऱ्याने त्यालाच दाखवलं. मी हातातली लिस्ट पुन्हा बघितली. आईशप्पथ, जुनी!

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून लोकांनी धुमाकूळ घातला. 'वैतींना बेंचवरूनही चुका दिसतात.' 'मॅच न बघता तज्ज्ञ व्हा.' मासळी बाजारात सरांच्या बायकोला गिऱ्हाइकं विचारायला लागली, "वहिनी, आज पापलेट हाय की बेंचवर बसलाय?" सरांनी प्रणवला फोन करून माफी मागितली. तो "ठीक आहे सर" म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी मीटिंग. समीर, दोन एडिटर, वैती सर आणि मी.

"नाव कसं चुकलं?" समीरने विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "माझी चूक. बोलताना गडबड झाली."

आणि मी गप्प बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं. "सर, तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"तोंड कुणाचं दिसलं टीव्हीवर? माझं ना? मग झालं," ते म्हणाले. "तू जा, कामाला लाग."

लाज वाटली, पण आत जाऊन सांगण्याइतकी नाही वाटली. मनाची समजूत काढली, चार दिवसांत लोक विसरतील. लोक विसरायला तयार नव्हते, आणि समीर त्यांना विसरू देणार नव्हता. बुधवारी त्याने जाहीर केलं, रविवारी फॅन स्पेशल. वैती सर विरुद्ध पब्लिक, थेट स्टुडिओत.

"अरे, त्यांची वाट लागेल," मी म्हणाले.

"लागली तर लागली. पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट त्यांना द्यायचं की नाही, ते रविवारी कळेलच. नाहीतर नवा चेहरा शोधू."

सरांना हे माहीत होतं. तरी आले. इस्त्रीचा निळा शर्ट घालून, वेळेच्या अर्धा तास आधी.

फॅन्समध्ये दोघं ठळक होते. एक निनाद, मुलुंडचा, आयटीतला. शांत आवाजात सुरी फिरवणारा. दुसरी श्वेता, भांडुपच्या शाळेत पीटी शिकवणारी, सरांच्या बाजूची. पहिली वीस मिनिटं दोघांचीच जुंपली.

"सर इंडियाला खेळले नाहीत म्हणून काय? तू कुठे खेळलास?" श्वेता म्हणाली.

"मी खेळलो नाही, म्हणून मी तिथे बसून मत देत नाही," निनाद म्हणाला. मग सरांकडे वळून, "सर, राग मानू नका. मला सरळ वाटतं, की तुमच्या कानात जे सांगतात तेच तुम्ही बोलता. तो ईअरपीस काढून एक गोल समजावून दाखवाल?"

सरांनी एकदा वर काचेकडे बघितलं. मला वाटतं, माझ्याकडेच. मग त्यांनी ईअरपीस काढला.

"तोच गोल लाव, गेल्या रविवारचा," समीर ओरडला. रिप्ले लागला. सर स्क्रीनजवळ गेले, बोटाने रेघ ओढली. त्यांच्याशी बोलायला मला काही मार्गच उरला नव्हता. वेळ सांगता येईना, सावरता येईना. हातपाय बांधून बसवल्यासारखी मी बघत होते.

"हा बघा डावा बॅक. हा पुढे गेला, त्यात गैर नाही, मीसुद्धा जायचो," सर बोलत होते. "पण जाताना त्याने मागे बघितलं नाही. मधल्या पोराला हात करून सांगायचं असतं, मी निघालो, तू ये. तो हात कुठाय? दिसतो का कुणाला? तिथेच गोल झाला. पुढचं सगळं नंतरचं."

रिप्ले पुन्हा फिरला, आणि खरंच, हात कुठेच नव्हता. आठवडाभर लाखभर लोकांनी ती क्लिप बघितली असेल, एकालाही तो दिसला नव्हता. दिसला नव्हता म्हणजे, नव्हता हे दिसलं नव्हतं. श्वेताने टाळ्या वाजवल्या, मागच्या चार-पाच जणांनीही. मी खुर्चीतच "झकास!" म्हणून ओरडले.

पण निनाद काही लेचापेचा नव्हता. "पॉइंट मान्य," तो म्हणाला. "एवढं बारीक बघणाऱ्या माणसाकडून नाव कसं चुकतं मग? एक तर तुम्ही मॅच बघत नव्हता, नाहीतर नाव दुसऱ्या कुणी सांगितलं. दोन्हींपैकी काय?"

मी समीरकडे वळले. "ब्रेक घे. आत्ता."

"वेडी आहेस का? याचीच तर वाट बघत होतो."

खाली सर म्हणाले, "दुसरं कुणी नाही. माझं चुकलं."

"म्हणजे मॅच न बघता एका जखमी पोराची अब्रू काढलीत," निनाद म्हणाला. "मग त्या खुर्चीत का बसता, सर?"

सरांचा हात शर्टावरच्या माइककडे गेला. ते क्लिप काढायला लागले. "बरोबर बोलतोस तू," ते म्हणाले. "नाही बसायला पाहिजे मी."

"गणेश, थांबव त्यांना!" मी हेडसेटमध्ये किंचाळले. गणेश आमचा फ्लोअर मॅनेजर, कॅमेऱ्याशेजारी उभा. त्याने दोन्ही हात हलवले. सरांनी त्याला बघितलं आणि मान हलवली, नाही.

आमच्या डेस्कवर एक लाल बटण असतं. ते दाबून बोललं की आवाज थेट सेटवरच्या स्पीकरमधून येतो. आग वगैरे लागली तर सगळ्यांना बाहेर काढायला. लाइव्ह चालू असताना त्याला हात लावायचा नाही, कारण सेटवरचे सगळे माइक तो आवाज पकडतात आणि घराघरात ऐकू जातो. एवढ्या वर्षांत मी ते एकदाही दाबलं नव्हतं. दाबलं.

"वैती सर, थांबा. नाव मी सांगितलं होतं."

सगळ्यांनी वर छताकडे बघितलं. निनादनेसुद्धा. "कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

"सुजाता कांबळे. पॅनल प्रोड्यूसर. सरांनी मॅच बघितली होती. माझ्या हातात जुनी लिस्ट होती, मी त्यावरून चुकीचं नाव त्यांच्या कानात सांगितलं. सोमवारी त्यांनी ते अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. प्रणव, तू ऐकत असशील तर सॉरी. खुर्ची कुणी सोडायची असेल तर मी सोडते, त्यांनी नाही."

समीरने माझा हात बटणावरून उचलला आणि ब्रेक घेतला.

सरांचं कॉन्ट्रॅक्ट झालं. मला लाइव्हवरून काढून तीन महिने हायलाइट्स कापायला बसवलं, आणि ते योग्यच होतं. आता तुम्ही म्हणाल, फॅन्सचा वाद मिटला असेल. कसला मिटतोय? अर्धे म्हणाले, वैती म्हणजे दिलदार माणूस. बाकीच्यांनी माझीच क्लिप फिरवली. 'बघा, बाईने स्वतःच कबूल केलं, कानात सांगतात तेच बोलतो.' निनादने लिहिलं, 'दोघंही खरे. दोघांनी उशीर केला.' त्याच्यावर चिडायला मला काही जागा सापडली नाही.

त्या दिवशी शो संपल्यावर मी धावत खाली गेले. वाटलं होतं, सर डोक्यावर हात ठेवतील, निदान थँक्यू म्हणतील. ते मेकअप पुसत होते. आरशातूनच म्हणाले, "आठवडाभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. आणि तू सगळ्या महाराष्ट्राला सांगून मोकळी."

"सर, तुम्ही उठून जात होतात..."

"जात होतो. खरंच जात होतो." त्यांनी कापूस बाजूला टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. डोळे लाल होते. "बरं केलंस. पण सोमवारी बोलली असतीस, तर पाच माणसांत मिटलं असतं गं."