सूर्यभानचं पोतं

चूक माझीच. पिशवी सावरताना स्कूटर हातातून सुटली आणि सूर्यभानच्या वांग्यांवर आडवी झाली. तो ओरडत उठायला गेला, अर्धा उठला आणि उजवी जांघ धरून तसाच वाकून राहिला. स्कूटर तर त्याला लागलीही नव्हती.

वलगावचा सूर्यभान अमरावतीच्या बाजारात सकाळपासून मांडी घालून बसे. जांघ दोन महिने दुखत होती, पण उठायची सोय नव्हती. इथे जागा म्हणजे अंथरलेलं पोतं. माणूस उठला, की शेजारच्याचं पोतं वीतभर आत सरकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची स्वतःची जागा अशीच वाढली होती! शेजारी कोथिंबीरवाली गंगूबाई. ती नुसती शिंकली तरी हा पोत्याची कड दाबून धरी.

अपराधी मनाने मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी खोकायला लावलं, पाय मुडपून, फिरवून पाहिला.

"हर्निया वाटत नाही. तासन् तास मांडी घालून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेत. जरा उंच बसा, पाय मोकळे सोडा, दर अर्ध्या तासाने उठून चाला. महिन्याभरात उतार पडला नाही किंवा जांघेत फुगवटा दिसला, तर लगेच या."

'उठून चाला' ऐकताच सूर्यभानचे कान टवकारले. डॉक्टर भातकुलीचे. गंगूबाईचं माहेरही भातकुली.

"बाईनं शिकवून ठेवलं याले," बाहेर येताच तो कुजबुजला.

पण कळ कोणाचं ऐकते? त्याने पालथ्या क्रेटवर बैठक मांडली, पोत्याच्या कडेला वांग्यांची रांग लावली आणि दर अर्ध्या तासाने गंगूबाईकडे तोंड करून उलटा चालू लागला. गिऱ्हाइकं धडकत.

"कावो भाऊ, समोर पाह्यून चाला ना!" गंगूबाई खेकसली.

"माही नजर जिथं पाह्यजे तिथंच हाये!"

तिसऱ्या आठवड्यात तो न कण्हता उठू लागला. पोतं बोटभरही हललं नव्हतं. उलट, वांग्यांवर आलेली गाय गंगूबाईनेच हाकलली. त्याने तर तो जास्तच धास्तावला.

"इतकी चांगली काहून वागून राहिली थे?"

"सूर्यभानभाऊ," मी म्हटलं, "जांघ बरी झाली, जागाही शाबूत आहे. आता संशय तरी कोणाचा?"

"तुमचा, भाजी त घेत नाई, अन् रोज माह्या जागेपाशी येऊन उभे राह्यता!"